नऊ ते सहा लागणारा दोष

तळघरातल्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. चाळीस बिऱ्हाडांची इमारत, आणि प्रत्येक बिऱ्हाडातून निदान दोन माणसं आलेली. सगळ्यांचे उजवे हात वर, प्रत्येक हातात फोन, आणि प्रत्येक फोनवर एकच चित्रफीत चाललेली: लहरगुरू डोळे मिटून बसलेत आणि मागे पाणी वाहतंय. खरे लहरगुरूही समोर व्यासपीठावर तसेच डोळे मिटून बसले होते. एका माणसाचे शंभर अवतार बघून मला गरगरायला लागलं.

"हवेत लहरी आहेत," ते म्हणाले. "लहरींत विचार आहेत, विचारांत विकार आहेत, आणि विकारांवर माझा अधिकार आहे."

यमक जुळलं की लोकांना ते खरंच वाटतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. लाइन बंद पडली म्हणून खरं बोलणारे, खोटं बोलणारे आणि आपण खोटं बोलतोय हे माहीतच नसणारे, असे सगळे नमुने मी कानाने ऐकलेत. त्यामुळे मी मुळात संशयी. माझी धाकटी बहीण म्हणते, अक्का चहासुद्धा वास घेऊन पिते. घेते, त्यात काय चुकलं?

गुरूंनी हात वर केला आणि शंभर फोनांवरचं पाणी एकदम थांबलं. गोल गोल फिरणारं चाक तेवढं दिसू लागलं. मग गुरू म्हणाले, ज्यांची मनं स्वच्छ आहेत त्यांच्याकडे लहर परत येईल. आणि आली की. पुढच्या रांगेत पाणी वाहू लागलं, मधल्या रांगेत वाहू लागलं, लोकांच्या डोळ्यांतूनही वाहू लागलं.

मी मात्र गुरूंकडे बघतच नव्हते. व्यासपीठाच्या कडेला त्यांचा शिष्य बसला होता, चाळिशीचा, टक्कल पडलेला, अतिशय नम्र. सगळ्या हॉलमध्ये हात खाली ठेवून फोन बघणारा तो एकटाच. गुरूंचा हात वर गेला तेव्हा त्याचा अंगठा हलला, आणि लहर परत आली तेव्हाही हलला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"एक फोन अजून अंधारात आहे," गुरू डोळे मिटूनच म्हणाले. "ज्या घरात तो आहे, त्या घराने सावध व्हावं."

माना वळायला लागल्या. आमच्याच रांगेत, माझ्या डाव्या हाताला माझी बहीण आणि तिच्या पलीकडे तिची सून. सुनेच्या फोनवर चाक फिरत होतं. तिने हात खाली घेतला नाही, तसाच वर धरून ठेवला. बहिणीने खुर्ची एक वीतभर माझ्याकडे सरकवली. ते मला अजिबात आवडलं नाही.

मी बहिणीकडे दोन आठवड्यांसाठी डोळ्यांच्या तपासणीला आले होते. तिच्या घरात तीन माणसं: ती, तिचा मुलगा आणि ही सून. मुलगा म्हणजे माझा भाचा, दुकानांना माल पोचवणाऱ्या कंपनीत कामाला. त्याला फोनवर पत्ते खेळायचा नाद लागला होता. ऑफिसातून आला की चपला काढायच्या आधी खेळ सुरू. बायको बोलून थकली, आईने हात टेकले, आणि मग शेजारणीने गुरूंचं नाव सुचवलं.

गुरू घरी आले ती हकीगत बहिणीने मला रंगवून सांगितली. त्यांनी इंटरनेटचा डबा मागितला. भिंतीवरून काढून उलटा केला, त्याच्या पोटावर हात फिरवला, शिष्याने आशीर्वादासाठी त्याचा फोटो घेतला. मग डब्यावर तांब्याचं झाकण बसवलं. दुसऱ्या दिवसापासून भाच्याचे पत्ते उघडेनात. इमारतीच्या जाड भिंतींमुळे घरात मोबाईलची रेंज जवळजवळ नाहीच, जे काही चालतं ते त्या डब्यावर. महिनाभरात मुलगा माणसात आला, असं बहिणीने मला दोनदा सांगितलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण त्याच गुरूंनी जाता जाता सांगितलं होतं की या घरात एक मन शंका घेणारं आहे, मुलाचा विकार निघाला की तो त्या मनाकडे जाईल. आणि पुढच्या सोमवारपासून सुनेचा फोन आणि कामाचा लॅपटॉप, दोन्ही घरात बंद पडले. बाकी सगळ्यांचं चालू, हिचंच बंद.

ती एका इस्पितळासाठी डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल टंकून द्यायची. काम घरूनच, पण वेळेत. आता ती जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी, मोबाईल रेंजच्या एका काडीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. निम्मे अहवाल उशिरा जायचे. इस्पितळातल्या वरिष्ठ बाईंनी तिला शेवटची ताकीद दिली होती. नेटच्या कंपनीचा माणूस येऊन गेला, त्याच्या स्वतःच्या फोनवर चाललं, लाइन ठणठणीत आहे म्हणाला आणि काखा वर करून गेला.

त्या रविवारी हॉलमधून वर आल्यावर बहिणीने निर्णय सांगितला. पुढच्या रविवारी हॉलमधला कार्यक्रम झाला की सुनेने माहेरी जायचं, दोष उतरेपर्यंत. किती दिवस ते गुरू सांगतील. भाचा जमिनीकडे बघत राहिला. मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, आई म्हणते तर काही दिवस. मला त्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली, पण तो चौतीस वर्षांचा आहे.

संध्याकाळी बहिणीने आतल्या खोलीत जाऊन सुनेचे कपडे बॅगेत भरले. नीट घड्या घालून, प्रेमाने. तेच मला जास्त लागलं. रागाने भरले असते तर मी भांडले असते.

सोमवारी मी जिन्यात सुनेच्या शेजारी जाऊन बसले. तिने सुरुवातीला मला उडवून लावलं. मावशी, तुम्हीही आईंच्याच ना, म्हणाली. मी म्हटलं, मी कुणाचीच नाही, मी तक्रार नोंदवून घेणारी आहे, मला फक्त सांग बंद कधी पडतं. ती म्हणाली, रोज. मी म्हटलं, रोज म्हणजे किती वाजता? तिने कधी घड्याळ बघितलं नव्हतं. तिच्यावर रोज ठपका येत होता, आणि ठपका आला की माणूस आधी स्वतःला तपासतो, घड्याळाला नाही.

मंगळवारी आम्ही दोघी डब्यासमोर बसलो. आठ एकोणसाठला तिचा फोन सुरळीत चालू. नऊला बंद. डब्याच्या रेंजच्या काड्या पूर्ण, पण आत-बाहेर काही जाईना. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला पुन्हा चालू. बुधवारी सकाळी नऊला तेच. मी तिला म्हटलं, "पोरी, दोष घड्याळ बघून लागत नाही. घड्याळ माणूस बघतो."

मग मी तिला आमच्या एक्स्चेंजची गोष्ट सांगितली. एखाद्या नंबरावरून बाहेरगावी बोलणं बंद करायचं असलं की आम्ही यादीत तो नंबर चढवायचो. गिऱ्हाईक यायचं, लाइन मेली म्हणायचं. लाइन मेलेली नसायची, यादी जिवंत असायची. तुझा फोन कुठल्यातरी यादीत आहे, असं मला वाटतं, आणि ती यादी या डब्यातच असणार.

सून हुशार. ती म्हणाली की फोन डब्याला स्वतःची ओळख एका लांबलचक आकड्याने देतो, आणि फोनच्या सेटिंगमध्ये तो आकडा बदलून घ्यायची सोय असते. तिने ती कळ फिरवली. बुधवारची सकाळ, अकरा वाजलेले, दोषाची ऐन वेळ. फोन चालू झाला. त्याच घरात, त्याच हातात, त्याच मनाने.

ती हसली नाही. तिला रडू आलं. सहा आठवडे, मावशी, मी खरंच विचार करत होते की माझ्यात काही आहे का, असं म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनातल्या मनात त्या टकल्याला चार शेलक्या शिव्या घातल्या.

आता यादी बघायची होती. डब्याला आत शिरायचं एक पान असतं, त्याला परवलीचा शब्द लागतो. तो कुठे मिळणार? सूनच म्हणाली, त्यांनी डबा उलटा केला होता. आम्हीही केला. पोटावर चिकटवलेली चिठ्ठी, त्यावर शब्द छापलेला. कुलूप लावून किल्ली कडीलाच बांधून ठेवावी तसा प्रकार. मग तिला आठवलं की शिष्य फोटो काढत होता तेव्हा तिने विचारलं होतं, फोटो कशाला? तेव्हाच गुरूंना घरातलं शंका घेणारं मन सापडलं होतं.

पान उघडलं. नियमांची यादी होती, सात ओळी. पहिल्या पाच ओळींत पत्त्यांच्या खेळाच्या पाच ठिकाणांची नावं आणि पुढे एकच शब्द: अडवा. सहाव्या ओळीत सुनेच्या फोनचं नाव, जे तिने स्वतःच्याच नावावरून ठेवलं होतं. सातव्या ओळीत तिचा लॅपटॉप. वेळ नऊ ते सहा, वार सोमवार ते शनिवार. अडवा. आणि खाली आणखी एक खूण केलेली: हा डबा बाहेरून चालवायला परवानगी. म्हणजे शिष्य आपल्या घरी पाय पसरून बसून या घरातल्या कुणाचीही लहर बंद करू शकत होता.

संध्याकाळी भाचा आल्यावर आम्ही त्याला यादी दाखवली. तो पहिल्या पाच ओळी वाचत राहिला, कान लाल झाले. मग त्याने जे सांगितलं ते त्याने सहा आठवडे पोटात ठेवलं होतं. ऑफिसात तेच खेळ त्याच्या फोनवर सुरळीत उघडतात, हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण आई एवढी खूश होती की बोलवेना. "आणि हिला दोष लावला तेव्हा?" मी विचारलं. त्यावर तो पुन्हा यादी वाचायला लागला. बायकोने त्याच्याकडे बघितलंही नाही.

बहिणीने यादी वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली, आणि म्हणाली, "हे तुम्ही दोघींनीच लिहिलं असेल."

मला आधी राग आला. मग वाटलं, बरोबर आहे की. आमच्या हातात पान आहे, आम्हाला लिहिता येतं, मग तिने का विश्वास ठेवावा? आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बहिणीने कशाबद्दल तरी संशय घेतला होता. वाईट एवढंच की तो चुकीच्या दिशेने घेतला. मी तिला म्हटलं, तूच सांग, काय केलं तर तुझी खात्री पटेल?

मग तिने स्वतःच सुचवलं, आणि त्यासाठी मी तिला मानते. म्हणाली, "रविवारी तिचा फोन मी धरते. माझं मन स्वच्छ आहे. माझ्या हातात तो चालेल. मग अक्का, तू गप्प बसायचंस आणि तिने जायचं."

सुनेने मान डोलावली. शिष्याला संशय येऊ नये म्हणून घरच्या डब्यातली यादी आम्ही होती तशीच राहू दिली आणि फोनचा आकडा पुन्हा मूळचा करून ठेवला. नाहीतर परीक्षेला अर्थ राहिला नसता.

रविवारी हॉल गच्च. मोबाईलची रेंज तळघरात शून्य, त्यामुळे सगळे फोन हॉलच्याच डब्यावर. तो डबा इमारतीचा, कॅमेऱ्यांसाठी बसवलेला, आणि त्यावरही तांब्याचं झाकण. बहिणीने सुनेचा फोन वर धरला, सुनेने बहिणीचा. बहिणीचा हात ताठ होता. तिच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की क्षणभर मला वाटलं, चालू दे बाई हिच्या हातात तो फोन, हिचं मन मोडू नये.

लहरी, विचार, विकार, अधिकार, सगळं झालं. पाणी थांबलं. अंगठा हलला, पाणी परत आलं. पुढच्या रांगेत, मधल्या रांगेत, सुनेच्या हातात. बहिणीच्या हातात चाक फिरत राहिलं.

"अंधार अजून त्याच बाईत आहे," गुरू डोळे मिटून म्हणाले. "मागच्या वेळी मी सावध केलं. आज मी सांगतो, तिने ते घर सोडावं. तिने उभं राहावं."

माझी बहीण उभी राहिली.

हॉलमध्ये कुणाला काही कळेना. गुरूंच्या भक्तांत तिचं नाव पहिलं, दर रविवारी व्यासपीठ तीच पुसायची. गुरूंनी डोळे उघडले, तिला बघितलं, आणि लगेच शिष्याकडे बघितलं. तिलाही ते दिसलं. मग त्यांनी जोरात सुरुवात केली की सुनेच्या सहवासाने दोष सासूत उतरला, उशीर झाला, आता मोठं शोधन करावं लागेल.

"हा फोन सुनेचा आहे," बहीण म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझा तिच्या हातात आहे. तो चालतोय."

मग दोष फोनने शोषून घेतला, असं गुरूंनी सांगितलं. हा माणूस प्रत्येक प्रश्नाला नवीन लाइन जोडून देत होता. मी उठले आणि बहिणीला म्हटलं, आता तुझ्या हाताने ती कळ फिरव. सुनेने तिला बोट दाखवलं कुठे ते. बहिणीने चष्म्यातून बघत बघत फिरवली. फोनचा आकडा बदलला, आणि पाणी वाहू लागलं. मी विचारलं, फोनने शोषलेला दोष एका बोटाने कसा गेला? गुरू म्हणाले की त्यांची ध्यानाची वेळ झाली.

इमारतीचे सेक्रेटरी निवृत्त भूमापक, मोजून-मापून बोलणारे. त्यांनी खुर्चीवर चढून हॉलचा डबा उतरवला, झाकण काढलं, उलटा करून चिठ्ठी वाचली आणि स्वतःच्या फोनवर त्याचं पान उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. कायमचा अडवलेला फोन एक, सुनेच्या नावाचा. सगळ्यांचं एकदम थांबवायची आणि एकदम सोडायची कळ, इथे. त्यांनी ती दाबून बघितली. शंभर फोन थांबले. पुन्हा दाबली. सुरू झाले. सेक्रेटरींनी डोळे मिटले नव्हते की यमक जुळवलं नव्हतं.

मग गोंधळ उडाला. शिष्याला दोघांनी गचांडी धरून ओढलं, तो रडकुंडीला आला, त्याने माहिती भराभर ओकून टाकली की पंधरा घरांचे डबे त्याच्या फोनवर आहेत. मारामारी मी होऊ दिली नाही. पोलिसांना बोलवा म्हटलं, आणि सेक्रेटरींनी गुरूंना व्यासपीठावरच बसवून ठेवून बोलावलं. जो तो म्हणत होता, या गुरूने आपल्याला शेंडी लावली, काय चालू माणूस, आपण किती भोळे. भोळे म्हणवून घेताना सगळ्यांना बरंच वाटत होतं.

तेव्हा सून बोलली. हळूच, पण ते ऐकून लोक थांबले.

"डब्यात यादी त्याने लिहिली," ती म्हणाली. "पण मागच्या रविवारी माना वळवून माझ्याकडे तुम्ही बघितलंत. ते डब्याने नाही केलं."

शेजारीण, जिने गुरूंचं नाव सुचवलं होतं, ती पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागली. भाचा उभा राहिला, तोंड उघडलं, आणि खाली बसला.

माझी बहीण अजून उभीच होती. ती कधी चार माणसांत बोललेली नाही. तिने फोन सुनेला परत दिला आणि लोकांकडे तोंड केलं.

"माझ्या मुलाचे पत्ते बंद झाले म्हणून मी त्याला देव मानलं," ती म्हणाली. "कसे बंद झाले, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने पाच ओळी लिहिल्यात हे कळलं असतं, आणि पाच ओळी मीही शिकून लिहिल्या असत्या. मग हिच्यावर दोष आला, तेव्हाही मी विचारलं नाही. हिला एकदाही म्हटलं नाही की बस, बघू काय होतंय. खुर्ची सरकवली. त्याने मला फसवलं हे खरं. पण हिला घराबाहेर मी काढत होते, तो नाही. तुमच्या घरी कुणी काही चमत्कार दाखवला तर चिडू नका, हात जोडू नका. फक्त विचारा, हे कसं होतं? आणि उत्तर मिळेपर्यंत घरातल्या माणसाला बोल लावू नका. मला एवढंच येतं."

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. सेक्रेटरींच्या शेजारी बसलेल्या बाई उठल्या आणि आपला डबा उलटा करून बघते म्हणत जिन्याकडे गेल्या. मग आणखी दोघी उठल्या. परवलीचा शब्द बदलायचा कसा, असं कुणीतरी विचारलं. सगळ्यांनी सुनेकडे बघितलं, आणि तीही बघतेय हे दिसताच लगेच खाली बघितलं.

बहीण सुनेसमोर उभी होती, हात लोंबकळत, आता काय करायचं ते न कळून.

"आई, मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही," सून म्हणाली. "मी राहतेय ती माझ्या कामासाठी. उद्या नऊला मला सात अहवाल पाठवायचेत."

"पाठव," बहीण म्हणाली. "त्या ओळी मी खोडते. कुठे दाबायचं ते दाखव, मी माझ्या हाताने खोडते."

सुनेने तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि घरच्या डब्याचं पान कसं उघडायचं ते पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली.